तेरियाकी घरी करताना पैसे कशावर घालावेत: तयार बाटल्या, सोया आणि मिरीनचं परीक्षण

तयार तेरियाकी सॉसची बाटली घेण्यापेक्षा ते पैसे चांगल्या सोया सॉसवर घालावेत, हा निकाल आधीच सांगून टाकतो. मिरीनच्या, म्हणजे स्वयंपाकातल्या गोड जपानी मद्याच्या बाबतीत थोडी काटकसर चालते, सोयाच्या बाबतीत अजिबात नाही. पणजी, मडगाव, पर्वरी आणि कांदोळी-कळंगुट पट्ट्यातल्या मोठ्या दुकानांत आता परदेशी सॉसचा वेगळा कप्पा असतो. त्यातून काय उचलावं, काय तसंच ठेवावं आणि घरी आणून नेमकं काय करावं, ते मापांसकट पुढे आहे.

आधी नावाबद्दल, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. जपानीत 'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजणं. तेरियाकी हे मुळात सॉसचं नाव नाही, करण्याच्या रीतीचं आहे. मासा तव्यावर शिजत आला की सोया, मिरीन, साके (तांदळाची जपानी दारू) आणि साखर यांचं मिश्रण त्याच्यावरच आटवायचं, म्हणजे माशावर लाखेसारखी लकाकी चढते. जपानी घरांत हे बुरी नावाच्या चरबीदार माशाचं करतात. लसूण, तीळ, अननसाचा रस, कॉर्नफ्लॉर ही सगळी पुढची भर आहे. जपानी माणसं हवाई बेटांवर आणि अमेरिकेत जाऊन राहिली तिथली. सिअॅटलमध्ये तोशिहिरो कासाहारा यांनी 1976 मध्ये तेरियाकीचं दुकान काढलं आणि त्या शहरात ती चव घरोघरी रुजली. ती चव वाईट आहे असं नाही. पण आपल्याकडे बाटलीत येतं ते बहुतेक याच घराण्यातलं, आणि इसवणाच्या (मुंबईकडच्या सुरमईच्या) किंवा बांगड्याच्या ताज्या फोडीवर ते भारी पडतं.

तयार बाटल्या

त्या दोन जातीच्या असतात. पहिली पातळ, मांस मुरवण्यासाठी केलेली. तिच्यात सोयाबरोबर वाइन किंवा विनेगर, साखर, कांद्या-लसणाची पूड असते. ती खारट असते आणि तव्यावर आटवली की आणखी खारट होते, कारण मिठाच्या मानाने साखर कमी असते. लकाकी यायच्या आतच मीठ हाताबाहेर जातं. दुसरी जात घट्ट, 'ग्लेझ' नावाने विकली जाणारी. हिच्या लेबलवर स्टार्च किंवा झँथन गम सापडेल. चमच्यावर ती सुरेख दिसते, पण तव्यात माशाचं पाणी सुटलं की ती आधी सैल पडते, मग तिच्यावर साय धरल्यासारखी कातडी येते आणि चकाकी जाऊन गढूळपणा येतो. गोंदाने आणि स्टार्चने सॉस दाट होतो. तेरियाकीचा दाटपणा साखरेच्या पाकाचा असतो. खाताना हा फरक जिभेला लगेच कळतो: एक सॉस जिभेवर विरघळतो, दुसरा लुबलुबीत लागतो.

घट्ट बाटलीचा एक उपयोग मान्य करायला हवा. तळलेल्या चिकनवर वरून ओतायला किंवा बर्गरला लावायला ती बरी. ज्या घरात आठवड्याला एकदा मुलांच्या डब्यासाठी झटपट काही हवं असतं तिथे ती खपेल. माशासाठी मात्र आमच्या मते दहापैकी तीन गुण. आणखी एक अडचण आपल्याकडची. शिवराक दिवशी कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत या बाटल्या बाद होतात, कारण दोन्हींची पूड त्यांत बहुधा असतेच. घरच्या सॉसमध्ये यातलं काही नसतं, म्हणून तो नीरफणसाच्या कापांवरही चालतो.

सोया सॉस: इथे हात आखडता घेऊ नका

सगळ्या सॉसची चव या एका बाटलीवर उभी असते. जपानी सोयाच्या नेहमीच्या प्रकाराला 'कोइकुची' म्हणतात. सोयाबीन आणि गहू जवळजवळ सारख्या प्रमाणात घेऊन त्यावर कोजीची बुरशी वाढवतात, मग मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवतात. किक्कोमनच्या नेहमीच्या बाटलीवर चारच घटक लिहिलेले असतात: पाणी, सोयाबीन, गहू, मीठ. ही कंपनी चिबा प्रांतातल्या नोदा गावची. लाल टोपणाची तिची टेबलावरची बाटली केंजी एकुआन यांनी 1961 मध्ये आखली, आणि तिच्या टोपणाला समोरासमोर दोन तोंडं असल्यामुळे एकावर बोट ठेवून धार कमी-जास्त करता येते. चिबातल्याच चोशी गावच्या यामासाचा सोयाही याच कामाचा. नाव कोणतंही असो, मागच्या बाजूला हे चार घटकच हवेत, फार तर थोडं अल्कोहोल.

आपल्या किराणा दुकानात 'डार्क सोया सॉस' म्हणून मिळतो तो चायनीज फ्राइड राइससाठी केलेला असतो. त्याचं लेबल वाचून पाहा. पाणी, मीठ, साखर यांच्या मागोमाग 150 क्रमांकाचा कॅरामल रंग, 260 म्हणजे अॅसिटिक आम्ल आणि 211 म्हणजे सोडियम बेंझोएट असं दिसलं, तर तो तेरियाकीला घेऊ नका. आटवताना रंग आणखी काळा होतो, आम्लाचा झणका घरभर पसरतो आणि शेवटी उरते ती जळक्या साखरेसारखी कडवट चव. साखर वाढवून तो कडवटपणा झाकत नाही. असल्या सोयाचं तेरियाकी खाऊन 'हे आपल्याला नाही आवडलं' म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा काही दोष नाही.

दुकानात चव घेता येत नाही, पण घरी आणल्यावर एक कसोटी करता येते. पांढऱ्या बशीत दोन थेंब टाका आणि बशी तिरकी करा. आंबवलेला सोया वाहताना कडेला तांबूस, कोकमाच्या आगळाकडे झुकणारा रंग दाखवतो आणि मागे अगदी पातळ थर सोडतो. कॅरामल घातलेला काळाच राहतो, बशीला डाग धरून बसतो. काचेच्या ग्लासात थोडा घेऊन हलवला तर आंबवलेल्या सोयाचा फेस बारीक येतो आणि बराच वेळ टिकतो.

जपानी सोया मिळालाच नाही, तर चिनी पद्धतीचा 'लाइट सोया' घ्या, डार्क नको. तो थोडा जास्त खारट असतो, म्हणून पुढच्या मापातल्या 100 मिलिऐवजी 85 मिलि सोया आणि 15 मिलि पाणी. जपानी 'उसुकुची'च्या बाबतीत मात्र फसू नका: तो रंगाने फिका असतो, मीठ त्यात कोइकुचीपेक्षा जास्त असतं. गहू टाळणाऱ्यांनी कोइकुची घेऊ नये. त्यांनी गव्हाशिवाय केलेला 'तामारी' शोधावा आणि लेबलावर गहू नसल्याची खात्री करावी.

बाटली छोटी घ्या, 150 मिलिची. लिटरचा डबा स्वस्त पडतो, पण उघडल्यावर हवेने सोयाचा रंग गडद होत जातो आणि वास मरतो. मे महिन्यातल्या गोव्याच्या उकाड्यात ओट्यावर ठेवलेली बाटली महिन्याभरात निर्जीव होते. उघडली की फ्रिजमध्येच.

मिरीन, आणि मिरीन नसेल तर

इथे लोक उगाच घाबरतात. मिरीन म्हणजे चिकट तांदूळ, कोजी आणि शोचू नावाची दारू एकत्र मुरवून केलेलं गोड मद्य. अस्सल असतं त्याला 'होन-मिरीन' म्हणतात. त्यात साधारण 14 टक्के अल्कोहोल आणि शंभर मिलिमागे चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम साखर असते. ही साखर आपली नेहमीची नव्हे. तांदळातल्या पिठाचं कोजीने केलेलं ग्लुकोज आणि त्याच्याहून लांब साखळीच्या साखरा, असं ते मिश्रण असतं. सॉसला काचेसारखी चकाकी यातूनच येते, आणि थंड झाल्यावर सॉस रवाळही होत नाही.

किराणा कप्प्यातली बाटली मात्र बहुतेकदा मिरीनच्या धर्तीवर केलेलं गोड पाणी असतं: ग्लुकोज सिरप, पाणी, थोडं आम्ल, अल्कोहोल नाममात्र किंवा थोडंसं. काहींत मीठही घातलेलं असतं. ती वापरायला हरकत नाही. मीठ लिहिलेलं असेल तर सोया दहा मिलिने कमी करा, एवढंच. पण घटक पाहिले की लक्षात येतं की आपण परदेशी भावाने ग्लुकोजचं सिरप विकत घेतोय, आणि ते केकचं सामान विकणाऱ्या दुकानात 'लिक्विड ग्लुकोज' म्हणून मिळतं. गोव्यात घरोघरी केक आणि नाताळची कुसवारं होतात, तेव्हा हे शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणून 100 मिलि मिरीनच्या जागी 65 मिलि पाणी किंवा साके, 30 ग्रॅम साखर आणि 20 ग्रॅम लिक्विड ग्लुकोज. नुसती साखर घालूनही गोडी तेवढीच येते, पण चकाकी उणी पडते आणि फ्रिजमध्ये तळाशी कणी धरते. मध घालून पाहायचा असेल तर ग्लुकोजच्या जागी तेवढाच मध चालतो. मात्र मधाचा वास सोयाच्या वर येतो.

इंटरनेटवर मिरीनऐवजी राइस विनेगर सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चूक आहे. मिरीन आंबट नसतं. बाटल्या शेजारी शेजारी असतात आणि दोन्हींवर तांदूळ लिहिलेला असतो, म्हणून हा गोंधळ होतो. त्याच न्यायाने माडाचं विनेगरही नको.

माडाच्या गुळाबद्दल नेहमी विचारलं जातं. अर्धी साखर काढून तेवढा गूळ घातला तर डुकराच्या मांसाला तो फार शोभतो, धुरकट खोल चव येते. माशावर मात्र तो सोयाचा वास दाबतो आणि रंग मळकट करतो. उसाचा गूळ आटताना सारखा फेस धरतो, त्याच्या वाटेला जाऊ नये.

साके: सॉसमध्ये किती, माशावर किती

साके सुमारे 15 टक्के अल्कोहोलचं असतं. स्वयंपाकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या साकेत दोन-तीन टक्के मीठ मुद्दाम घातलेलं असतं, ते हिशेबात धरा. साके नसेल तर वोडका, असा सल्ला सगळीकडे मिळतो. पण जरा विचार करून पाहा. सॉस आटवताना अल्कोहोल जवळजवळ सगळं उडून जातं. साकेतून मागे राहतात ती तांदळाची अमिनो आम्लं, त्यांची चव. वोडका आटवला तर मागे काहीच राहत नाही. मग तो सॉसमध्ये ओतायचाच कशाला? त्यापेक्षा 100 मिलि पाण्यात 5 ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेली समुद्री पात, अर्धा तास भिजवा आणि ते पाणी वापरा. उकळायच्या आधी पात काढून टाका, नाही तर सॉसला बुळबुळीतपणा येतो. दारू न वापरणाऱ्या घरांत याच सॉसला काही उणं राहत नाही.

अल्कोहोलचा खरा उपयोग माशावर आहे. एक भाग वोडका, दोन भाग पाणी केलं की 42.8 टक्क्यांचं साधारण 14 टक्के होतं, म्हणजे साकेच्या जवळ. तेवढं एक मोठा चमचाभर 400 ग्रॅम फोडींवर शिंपडून दहा मिनिटं ठेवलं, तर तव्यावर ते उडताना उग्र वास बरोबर घेऊन जातं. काजूची फेणी इथे वापरू नका. तिचा वास आटवल्यावरही रेंगाळतो आणि सोया हरवतो. उर्राकचंही, म्हणजे काजूच्या सौम्य दारूचंही तेच. दोन्ही आपापल्या जागी उत्तम आहेत, पण त्यांचा पदार्थ वेगळा होईल.

सॉस करताना

माप असं: सोया 100 मिलि, मिरीन 100 मिलि, साके किंवा कोंबूचं पाणी 100 मिलि, साखर 35 ग्रॅम. यातून सुमारे 190 मिलि सॉस होतो, चारजणांच्या माशाला तीनदा पुरतो.

बहुतेक कृतींत सगळं एकत्र ओतून आटवायला सांगतात. तसं करू नये. सोयाचा सुवास उडून जाणारा असतो, पंधरा मिनिटं उकळल्यावर मीठ आणि रंग तेवढे उरतात. आधी मिरीन, साके आणि साखर रुंद स्टीलच्या भांड्यात, अठरा-वीस सेंटिमीटरच्या, मध्यम आचेवर ठेवा. पहिली दोन-तीन मिनिटं अल्कोहोलची वाफ निघते. ती गॅसच्या ज्योतीला धरू शकते, म्हणून ज्योत भांड्याच्या बाहेर येऊ देऊ नका आणि वरून वाकून वास घेऊ नका. मग आच मंद-मध्यम करून दहाएक मिनिटांत हे मिश्रण साधारण 100 मिलिवर आणा. डोळ्यांनी अंदाज येत नाही, तेव्हा वजन करा: रिकामं भांडं आधी वजन करून ठेवलं, तर आतला पाक 130 ग्रॅम झाला की थांबायचं. आता सोया ओता आणि अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं, एकूण 230 ग्रॅम होईपर्यंत.

गरम असताना तो पातळ वाटेल, आणि नेमकी इथेच चूक होते. 'अजून दाट नाही झाला' म्हणून आणखी आटवला की फ्रिजमध्ये त्याची टॉफी होते. हवा तो पाक गुलाबजामच्या पाकासारखा: बोटांना चिकट लागला पाहिजे, पण तार येता कामा नये. खात्रीसाठी स्टीलची वाटी पाच मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, तिच्यात चमचाभर सॉस टाका आणि बोटाने मधून रेघ ओढा. रेघ दोन सेकंद टिकून हळूहळू मिटली तर झालं. लगेच मिटली तर आणखी दोन मिनिटं. मिटलीच नाही तर जास्त आटलंय. दोन चमचे गरम पाणी घालून परत एक उकळी आणा. चवही त्या थंड वाटीतलीच घ्या. उकळत्या सॉसमधला खारटपणा जिभेला नीट कळत नाही.

काचेच्या कोरड्या बाटलीत, फ्रिजमध्ये, तीन आठवडे. ओला चमचा घालायचा नाही, आणि कच्च्या माशाला लागलेला सॉस परत बाटलीत ओतायचा नाही. कमी मिठाच्या सोयाचा केला असेल तर आठवड्यात संपवा.

मासा

एक हिशेब सांगतो, त्यावरून सगळं सोपं होतं. कोइकुचीत शंभर मिलिमागे साधारण 16 ग्रॅम मीठ असतं, ते आता 190 मिलि सॉसमध्ये आहे. म्हणजे 60 मिलि सॉसमध्ये जवळपास 5 ग्रॅम. 400 ग्रॅम माशाला तेवढं पुरेपूर झालं. म्हणून माशाला आधी मीठ लावायचं ते पाणी आणि वास काढण्यापुरतं, आणि ते पुसून टाकायचं. हळद, तिखट, आगळ यातलं काही नको.

इसवण याला सर्वांत सोयीची. फोडी कातीसकट, म्हणजे कातडीसकट, आणि दोन सेंटिमीटर जाड करून मागा. बाजारात तळण्यासाठी करतात त्या एक सेंटिमीटरच्या फोडी सॉस आटेपर्यंत कोरड्या ठणठणीत होतात. चार फोडींना चहाचा अर्धा चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी सुटेल, ते कागदाने टिपा, मग हवं तर साके किंवा वोडकाचं पाणी शिंपडा आणि दहा मिनिटांनी पुन्हा कोरडं पुसा. आता तांदळाच्या पिठाचा अगदी पातळ हात, एकूण दोन चमचे. जास्तीचं झटकून टाका. रवा नाही. आपल्या हाताला रव्याची सवय आहे हे खरं, पण रवा सॉस पिऊन घेतो, ओला होऊन सुटतो आणि तव्यात त्याचा लगदा होतो. पिठाचा पातळ थर सॉसला धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम.

24 सेंटिमीटरचा नॉनस्टिक किंवा जाड बुडाचा स्टीलचा तवा, दोन चमचे बिनवासाचं तेल, मध्यम आच. पहिली बाजू तीन मिनिटं, दुसरी दोन. मग तव्यातलं तेल कागदाने पुसून घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि मग सॉस माशावरून ओघळतो म्हणतात. तेलकट पृष्ठभागावर पाक धरत नाही. आता 60 मिलि सॉस फोडींच्या कडेने ओता, आच थोडी वाढवा, तवा तिरका करून चमच्याने सॉस फोडींवर सारखा सोडत राहा.

या दीड-दोन मिनिटांत लक्ष फक्त बुडबुड्यांवर असू द्या. सुरुवातीला ते बारीक, पांढरट, भराभर फुटणारे असतात. मग मोठे होतात, रंग धरतात आणि संथ होतात. एक बुडबुडा फुटायला वेळ घेऊ लागला, चमच्याने ओढलेल्या वाटेत तव्याचं बूड क्षणभर उघडं राहू लागलं, फोडीच्या कडेवर वरच्या दिव्याची रेघ चमकू लागली की गॅस बंद. पाक एकतारीच्या जवळ आलेला असतो. यानंतर पंधरा-वीस सेकंदांत तो कडू होऊ शकतो. बिडाचा तवा उष्णता धरून ठेवतो, त्यावर करत असाल तर सॉस अजून थोडा सैल असतानाच मासा ताटात काढा.

बांगड्याला हा सॉस इसवणापेक्षाही जास्त मानवतो, कारण त्यात चरबी आहे. दोन्ही बाजूंचं मांस काट्यावरून उतरवून घ्या, कातीवर तीन तिरक्या चिरा द्या, कातीची बाजू आधी तव्यावर, दोन मिनिटं, मग दुसरी एक मिनिट, सॉस मिनिटभर. सॉसमध्ये चहाचा चमचाभर आल्याचा रस शेवटी घातला तर उत्तम. पण बांगडा ताजाच हवा, हे मनापासून सांगायचंय. बांगडा, इसवण, टूना यांसारखा मासा उन्हात राहिला की त्यात हिस्टामाइन तयार होतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही. तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर पित्त उठणं त्यातून होतं. गोड-खारट सॉस शिळेपणा झाकतो, म्हणून इथे जास्त सावध राहायला हवं. कल्ले लालबुंद, डोळे फुगीर आणि बोट दाबल्यावर खळगा न राहणारा बांगडा घ्या, नाही तर त्या दिवशी बेत बदला.

सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, पाणी फार सुटतं. ती दीड मिनिट परतून बाहेर काढायची, तव्यात सॉस एकटा आटवायचा आणि मग सुंगटं त्यात घोळवायची. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा कोंबडीची मांडी घ्या, हाडं काढलेली पण कातीसकट. हे आधी सांगून ठेवावं लागतं, कारण दुकानदार सवयीने कात सोलतात. थंड तव्यात कात खाली ठेवून सुरुवात करा, मध्यम-मंद आचेवर दहा मिनिटं, उलटून चार, सुटलेली चरबी पुसून सॉस शेवटची दोन मिनिटं. आत 74 अंश सेल्सियस व्हायला हवं. ताज्या अननसाचा रस घालायचा मोह टाळा. त्यातलं ब्रोमेलेन मांस पिठूळ करतं, माशाचा तर चुराच होतो.

नीरफणसाचे एक सेंटिमीटरचे काप पाच मिनिटं वाफवून, पुसून, पिठाशिवाय दोन्ही बाजूंनी तांबूस करा आणि सॉस घाला. त्याचं स्वतःचं पीठच सॉसला धरतं. वांग्याला तेल जास्त लागतं आणि ते पुसणं अवघड जातं, म्हणून दुसऱ्या क्रमांकावर.

काय घ्यावं

घरात तेरियाकी पहिल्यांदाच होणार असेल तर चार घटकांचा सोया 150 मिलि, केकच्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज आणि कोंबूचं लहान पाकीट, एवढंच आणा. मिरीन-साके नाही आणले तरी चव दहापैकी आठांपर्यंत जाते. दोन-तीनदा करून जमलं, आवडलं, की होन-मिरीनची बाटली मिळाल्यास घ्या. तो उरलेला फरक खरा आहे, पण तो सोयाच्या फरकाच्या मानाने लहान आहे. सगळ्यांत वाईट खरेदी म्हणजे महाग मिरीन आणि स्वस्त डार्क सोया ही जोडी.

बरोबर भात आंबेमोहराचा करा, मऊसर आणि जरा चिकट, म्हणजे तव्यात उरलेला सॉस त्यात मुरतो. उकड्या तांदळाची शितं सुटी राहतात, सॉस ताटाच्या तळाशी जाऊन बसतो. काकडीच्या पातळ चकत्यांना मीठ लावून, पिळून, वर लिंबू. तवा लगेच गरम पाण्यात भिजत घाला. वाळलेला पाक घासून निघत नाही, पाण्यात दहा मिनिटांत आपोआप सुटतो.